लाइटबिलावरचं नाव

अहो,

आज दुपारी लाइटबिल आलं. फाटकाच्या सळईत अडकवून गेला तो बिलवाला. मी नेहमीसारखं वरच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तिथे 'श्री.' नव्हतं! मग पुढे वाचवलंच नाही. घडी घालून फ्रिजवर उपडं ठेवलं, वर मिठाची बरणी ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

रागावू नका. नाहीतर रागवाच. तीन वर्षं झाली, कुणी रागावलं नाही माझ्यावर.

सांगते नीट. आपली संगीता बंगळुरूहून रोज फोन करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, लाइट गेली होती का. कुंभवलीतली लाइट जायची काही थांबलेली नाही. तुम्ही होतात तेव्हा लाइट गेली की तुमची बडबड सुरू व्हायची. खांबावरचा जंप उडाला असेल, एक फेज गेला असेल! मी म्हणायचे, कारखान्यात दिवसभर वायरमनकी करता तेवढी पुरत नाही का? आता लाइट गेली की पंखा थांबतो आणि घरात कसलाच आवाज राहत नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो हो.

त्यावरून संगीता म्हणाली, "आई, बाबांचं सोलर राहूनच गेलं. बसवून टाकू." मी लगेच हो म्हटलं. पंखा थांबणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

मनोरची वैशाली आली बघायला. सोलर बसवायचं कामच करते ती. पस्तिशीची असेल, शिडीवर अशी सरसर चढते की तुम्ही खूश झाला असतात. गच्चीत गेली आणि टाकीजवळ उकिडवीच बसली.

"काकी, ह्या खुना कोनी केल्यात?"

तुमच्या त्या निळ्या ऑइलपेंटच्या रेघा! टाकीची सावली सकाळी नऊला कुठे पडते, बाराला कुठे पडते. स्लॅब घाण केला म्हणून मी तुमच्यावर किती ओरडले होते, आठवतं?

"थंडीतली सावली धरलीय," वैशाली म्हणाली. "तवाच ती लांब पडते. माणूस जानकार हाय."

हाय म्हणाली ती. मी दुरुस्त केलं नाही.

"पन तीनची खून नाय केली?"

काय सांगणार तिला? नऊची तुम्ही केलीत, बाराची केलीत, मग दुसऱ्या पाळीला निघालात. दारात चपला घालताना म्हणालात, "तीनला जरा वर जाऊन खूण कर गं." मी म्हटलं, मला दुसरी कामं नाहीत का? आणि तांदूळ निवडत बसले. तुम्ही परत काही विषय काढला नाहीत. पुढच्याच महिन्यात दवाखान्यात नेता नेता सगळं संपलं. अहो, एकदा परत सांगायचंत ना! दुसऱ्यांदा सांगितलं की मी ऐकत होतेच की नाही?

"ती माझ्याकडे होती," एवढंच मी वैशालीला म्हटलं.

खाली चहा घेताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की लाइट गेली की आपलं सोलरही बंद पडणार. बाहेर लख्ख ऊन असलं तरी! नाहीतर आपला करंट उलटा लाइनीत जातो, आणि खांबावर चढलेला माणूस जिवानिशी जातो. ती समजावून सांगायला लागली तशी मी म्हटलं, बाई, हे मला नको सांगूस, वायरमनबरोबर संसार केलाय मी. शेजाऱ्यांनी जनरेटर लावला की हातातला घास टाकून तुम्ही आधी त्यांचा मेन स्विच बंद आहे ना ते बघून यायचात. बॅटरीवालं सोलर वेगळं असतं म्हणे. पण बॅटरीचं झेंगट मी एकटी कुठे सांभाळू?

म्हणजे पंखा थांबणारच. मग सोलर बसवायचं कशाला? तुम्हाला हवं होतं म्हणून. दुसरं कारणच उरलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. "मीटर काकांच्या नावावर हाय. पैलं ते तुमच्या नावावर करून घ्या. नव्या नावाचं बिल आलं का मला फोटो पाठवा, मग आमी अर्ज भरू."

"त्यांच्याच नावाने भर की," मी म्हटलं. ती नुसती कपातला चहा ढवळत बसली, साखर कधीच विरघळली होती तरी.

रेशनकार्डावर तुमच्या नावावर लाल रेघ मारली. मतदार यादीतून तुम्ही गेलात, गॅसच्या पुस्तकातून गेलात. ती सगळी कामं संगीताने केली, मी नुसत्या सह्या केल्या. लाइटबिल मात्र मी तिला बदलू दिलं नाही. दर महिन्याला कुणीतरी तुमचं नाव घेऊन फाटकाशी येत होतं. तेवढं तरी राहू द्यावं की नाही? आणि आता तुमच्याच हौसेपायी तुमचंच नाव काढायचं! हा कुठला न्याय झाला?

पंधरा दिवस टाळलं. सोलर नको, नाव राहू दे, असं संगीताला सांगूनही टाकलं.

मग थंडीतल्याच एका दुपारी सहज घड्याळ बघितलं, तर तीनला पाच कमी. उठले आणि गच्चीत गेले. तुमचा निळा डबा सुकून दगड झालाय, म्हणून खडू घेतला. सावली पार तुळशीच्या कुंडीपर्यंत येते हो! रेघ ओढली, शेजारी तीनचा आकडा काढला. पाच मिनिटांचं काम होतं. एवढंसं काम, आणि मी तुम्हाला नाही म्हटलं! तिथेच खाली बसून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून बोईसरला लाइटच्या ऑफिसात गेले.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर आहे?" मी कागद पुढे सरकवला.

"काकू, नाव सांगा तोंडाने. इथे टाकायचंय मला."

मागे रांग. एक जण म्हणतोय, "आंटी, जल्दी करो." आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना! जन्मात तुम्हाला नावाने हाक मारली नाही. अहो म्हटलं, संगीताचे बाबा म्हटलं. नाव घेतलं ते हळदीकुंकवाला, उखाण्यात. खरं सांगते, तोच ओठावर आला. 'कृष्णाकाठ सोडून आले खाऱ्या वाऱ्यात, रघुनाथरावांचं नाव घेते भरल्या दारात.' पहिले दोन शब्द तर बाहेरही पडले!

"काय?" तो म्हणाला.

"रघुनाथ," मी म्हटलं. नुसतं. राव नाही, काही नाही. उखाण्याशिवाय तुमचं नाव पहिल्यांदा घेतलं, आणि ते कशासाठी? खोडायला.

ते झालं, आणि आज हे बिल आलं. किती वेळ उपडं ठेवणार? थांबा, बरणी उचलून बघतेच.

बघितलं.

'श्रीमती सुमन रघुनाथ मोहिते.'

अहो, मधे तुम्हीच आहात की! आयुष्यभर अशीच सही करत आले, आणि मला वेडीला एवढं सुचू नये? मोठ्याने हसले. मग ऐकायला कुणी नाही हे लक्षात आलं, आणि हसू तिथेच थांबलं.

वैशालीला फोटो पाठवलाय. आता होईल काम. मी शब्द देते, तीनच्या खुणेवर निळा रंग चढवीन, तुमच्यासारखाच. कारखान्यांची धूळ पॅनेलवर बसू देणार नाही, माझ्या हाताने पुशीन. आणि लाइट गेली, पंखा थांबला, की गच्चीत जाऊन तुम्हाला नावाने हाक मारीन. मोठ्याने, उखाण्याशिवाय, शेजारीपाजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

बायको नावाने हाक मारते म्हणून राग आला, तर एकदा येऊन तेवढं सांगून जा.

बिलात आहे तशी,
सुमन रघुनाथ