बाबांची चाल

३ मार्च
बाबांचे पाय जमिनीला चिकटलेत — आईचे शब्द! आयुष्यभर लोकांना मोटार शिकवली, आता स्वतःचाच पहिला गिअर पडत नाही. विसरतातही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत पाणी साठलंय. नळी घालून ते पोटात उतरवता येतं. पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि या वयात डोक्याला भोक पाडायचं म्हणजे... "आधी पाठीतून थोडं पाणी काढून बघू. चाल सुधारली, तरच ऑपरेशनला अर्थ आहे."

४ मार्च
त्यांच्या विसरण्याबद्दल माझी तक्रार नाही. हे फक्त इथं लिहिते. मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आजारात तेवढं विसरले. आता लहानपणीसारखं "ठमे, चहा आण" म्हणतात. मी पळत जाऊन आणते. या वयात!

९ मार्च
पाणी काढलं. मग चालवून बघितलं. पाय घासत गेले, पाय घासत आले. "ठमे, पुरे."
डॉक्टर म्हणाले, फरक कधीकधी उद्याही दिसतो. लक्ष ठेवा, कळवा. आईला मोतीबिंदू. म्हणजे साक्षीदार मी एकटीच.

१० मार्च
चालले! पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, पाय उचलून, भिंतीला हात न लावता. मला बघून थबकले. मी कप पुढे केला — घेतला नाही. आईला म्हणाले, "हिला कोणी बोलावलं?"
वळले मात्र झोकात.

११ मार्च
पाय पुन्हा चिकटले. पुन्हा ठमे. डॉक्टरांना कळवलं नाही.

१२ मार्च
डॉक्टरांचाच फोन. "काही फरक?"
"थांबा हं, दूध उतू जातंय," म्हटलं आणि ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

१३ मार्च
बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडकले. पाऊल उचलेना. धोतर ओलं झालं. मी पुसायला वाकले, तर तोंड भिंतीकडे करून उभे राहिले.
फोन केला. सांगितलं — चालले होते. चांगले चालले होते.

२ एप्रिल
ऑपरेशन झालं. गुण आला! घरभर फिरतात. माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टर खूश: "तुम्ही नीट लक्ष ठेवलंत म्हणून." मी आभार मानले आणि बॅग भरून माझ्या घरी आले.

९ एप्रिल
आईचा फोन, दबक्या आवाजात. बाबा काल तिला म्हणाले, "मी काही विसरलो नव्हतो. आजारी माणसाला कोणी जाब विचारत नाही, म्हणून पोरीशी बोलून घेत होतो."