पुस्तकात वेगळंय

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प. ती सिरीज बघायची नाही. कंपनीच्या बसमध्ये जो तो मोबाईलवर तीच बघायलाय, पण ती ज्या कादंबरीवर काढली ती वाचली कुणी? मी वाचणार. कालच औरंगपुऱ्यातून आणली. चारशे ऐंशी पानं. क्रांती चौक ते वाळूज जाता-येता वाचलं तर महिन्याच्या आत फस्त. मेघा म्हणाली, मागच्या वर्षी वाचायला आणलेलं आत्मचरित्र अजून पलंगाखाली आहे. वर्षाच्या पहिल्याच दिवशी बायकोनं नवऱ्याचं असं खच्चीकरण करू नये.

२ जानेवारी, शुक्रवार
सहा पानं झाली. प्रस्तावनेची. बस लई हलते. शेजारच्या सीटवर कंपनीतला सांडू एपिसोड लावून बसला होता, हेडफोन न घालता. कानावर पडतं त्याला बघणं म्हणत नाहीत. अधूनमधून नजर गेली असेल.

५ जानेवारी, सोमवार
काल अख्खी सिरीज बघितली. अभ्यास म्हणून. तुलना करायची तर दोन्ही बाजू माहीत पाहिजेत.
गोष्ट अशी. बापानं कानाखाली मारली म्हणून रघू नावाचा पोरगा घर सोडतो. आई वाट बघते. शेवटी तो ट्रकखाली जातो. एकदम भिकार शेवट. कादंबरीत असं नसणारच. लेखक लोक विचार करून लिहितात.

७ जानेवारी, बुधवार
बसमध्ये सांडू सिरीजचं फारच कौतुक करायला लागला. मला राहवलं नाही. म्हणलं, पुस्तकात वेगळंय. सगळी बस माझ्याकडं वळली. काय वेगळंय म्हणे. मग मी रघूची शाळा सांगितली, त्याची आत्या सांगितली, आत्यानं तलाठ्याला गोठ्यात कोंडलं तो किस्सा सांगितला. पान बावीसपर्यंत आत्या आलेली नाही. येईल.
उतरताना ड्रायव्हर म्हणाला, उद्या पुढचं सांगा. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

९ जानेवारी, शुक्रवार
आज साहेबराव स्वतःची सीट सोडून माझ्यापाशी येऊन बसले. पिशोरचे आहेत, आमच्याकडं वेल्डिंगला. फारसं बोलत नाहीत. त्यांचा गोकुळ तीन वर्षांपूर्वी असाच बापाशी भांडून गेला, तेव्हापासून फोन नाही, निरोप नाही. बसला हे माहीत आहे, म्हणून त्यांच्यासमोर पोराबाळांचा विषय कुणी काढत नाही. हळूच म्हणाले, “अतुलभाऊ, पुस्तकात तरी येतो का वो तो घरी?”
मी म्हणलं, येतो की.
नाही म्हणायला जीभ रेटेना. आणि शक्यता तीच जास्त आहे. अजून साडेचारशे पानं आहेत, कुठंतरी येईलच.

१२ जानेवारी, सोमवार
साहेबरावांनी डबाभर तिळाचे लाडू आणले. त्यांच्या मंडळींनी, द्वारकाबाईंनी, खास माझ्यासाठी दिलेले. शेवटचा एपिसोड बघितल्यापासून बाई धड जेवत नव्हत्या. पुस्तकात पोरगा येतो हे कळल्यावर जेवल्या. साहेबराव म्हणाले, रविवारी घरी या आणि तेवढा भाग वाचून दाखवा, तिला वाचता येत नाही आणि मला वाचवणार नाही. मी लगेच हो म्हणलं. वाचनसंस्कृती अशीच वाढते.
लाडू चांगले होते. वाचन आज झालं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
मधली पानं सोडून सरळ शेवट काढला.
रघू येत नाही. मरतही नाही. आई त्याचं ताट घासून माळ्यावर ठेवते आणि संपतं. तीनदा वाचलं. मागची पानं चिकटली असतील म्हणून तीही बघितली.
मेघाला सांगितलं. ती म्हणाली, उद्याच जा आणि खरं काय ते सांगून ये. मेघाला साहित्यातलं कळत नाही. सिरीजवाल्यांनी शेवट बदलला तर त्याला रूपांतर म्हणतात, वर त्यांच्या मुलाखती होतात. मग मी बदलला तर बिघडलं कुठं? उद्या नीट लिहून काढायचं, पाठ करायचं.

१७ जानेवारी, शनिवार
ओव्हरटाइम लागला. लिहिलं नाही. मला तसंही ऐनवेळी चांगलं सुचतं.

१८ जानेवारी, रविवार
जाऊन आलो.
पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं. तिन्हीसांजेला रघू येतो. आई दिवा लावत असते. तो उंबऱ्यातूनच हाक मारतो. बाप त्याच्या पायावर पाणी घालतो. वाचता वाचता मलाच भरून आलं. साहेबराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, तेवढंच परत एकदा वाचा.
परत वाचलं. या वेळी रघू सकाळच्या एसटीनं आला.
बाई माझ्या बोटाकडं बघायला लागल्या. “भाऊ, मघाशी तर सांज व्हती.”
मी म्हणलं, छपाईची चूक आहे, हल्ली पुस्तकं नीट छापत नाहीत. साहेबरावांनी खिशातून चष्मा काढला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि ते पान अगदी सावकाश वाचलं. मला वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं.
बाईंनी विचारलं, काय लिहिलंय?
“तेच लिव्हलंय,” साहेबराव म्हणाले. “सांच्यालाच येतो.”
बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, मग आजपासून सांच्याला दाराची कडी नका लावत जाऊ.
साहेबराव उठले. कडी काढली, दार सताड उघडं टाकलं आणि परत भिंतीपाशी जाऊन बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेर चांगलाच गारठा होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१९ जानेवारी, सोमवार
बाईकनं गेलो. आता रोज बाईकच.