गळवाभोवतीची रेघ

५ मार्च

मांडीवर गळू! उजव्या, गुडघ्याच्या चार बोटं वर. टेपने मोजलं — गळू अर्धा इंच, भोवतीची लाली दीड. घट्ट, गरम, मधोमध पिवळट ठिपका. दुखतंय, पण बघायला मजाही वाटतेय. मला न विचारता माझ्याच अंगात बिऱ्हाड थाटलंय!

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊ नकोस हं. ते काहीतरी शोधून काढतातच. पिकेल, फुटेल, जाईल."

६ मार्च

औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. सोसेल इतक्या गरम पाण्यात फडकं भिजवून शेक, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. "लाली पसरली किंवा ताप आला, की थेट डॉक्टर." पसरली हे कळणार कसं? — "भोवती पेनाने रेघ मारून ठेवा."

रेघ मारणं हा तर माझा धंदा! वीस वर्षं कापडावर तेच करतेय. घरी येऊन झकास गोल रेघ मारली. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता कात्री आणू का?"

७ मार्च

शेक चारदा. लाली रेघेच्या आत. ठिपका मात्र वाढलाय.

आत नेमकं काय असेल? राहवेना. सुई हातात घेतली, काडीवर तापवलीही. मग दुकानातल्या बाई आठवल्या आणि मुकाट्याने डबीत ठेवून दिली.

८ मार्च

आंघोळीत रेघ पुसली. पुन्हा मारली. लाली आतच.

१० मार्च

रेघ रोज पुसते, रोज नवी मारते. लाली कधी बाहेर येत नाही. मग शिलाई मशीनवर पाय मारताना डोळ्यांत पाणी का येतं? अंगही कसकसतंय. गिऱ्हाइकाचा कोट परवा द्यायचाय. सासूबाई म्हणतात, "आत आहे ना? मग झालं."

११ मार्च

कळलं!! सकाळी कोटाची बाही आखत होते. माप झालं आणि हात आपणहून अर्धा इंच बाहेर सरकला — शिलाईचं मार्जिन. खडू हातातच राहिला. मांडीवरही मी हेच करतेय! रोज लालीच्या बाहेर अर्धा इंच सोडून नवी रेघ. मग लाली आत राहील नाहीतर काय? माझ्याच हाताने मला पाच दिवस गंडवलं. आधी हसू फुटलं, मग टेप आणि थर्मामीटर काढला. टेप लावला — लाली साडेतीन इंच! ताप एकशे एक.

कोट तसाच टाकून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर केली, छोटा काप दिला. "बघू का?" म्हटलं. "बघा की!" बघितलं. किती ती घाण! गोळ्या सात दिवस, बरं वाटलं तरी संपवायच्या. "आणखी दोन दिवस घरी बसला असतात तर ॲडमिट करावं लागलं असतं. रेघ अगदी लालीच्या कडेला मारायची. पुसट झाली तर तीच गिरवायची, नवी नाही."

१३ मार्च

ताप उतरला. पट्टी बदलून आले. घरात कुणाला लागण नको म्हणून माझा टॉवेल वेगळा ठेवलाय.

मार्जिनची गोष्ट ऐकून ह्यांची हसून हसून पुरेवाट. सासूबाई हसल्या नाहीत. "कापताना दुखलं का गं?" दोनदा विचारलं. मग थोड्या वेळाने, "डॉक्टरीणबाई रागावतात का? उशिरा गेलं तर?" एवढी चौकशी कशाला, कळेना.

१४ मार्च

दुपारी सासूबाईंनी खोलीचं दार आतून लावलं. माझा हात धरून छातीच्या कडेला, काखेजवळ नेला. गाठ. कोटाच्या बटणाएवढी, टणक. "दुखत नाही गं, म्हणून बोलले नाही." कधीपासून? "दोन वर्षं झाली." मी काही मोजलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सासूबाईंच्या चपला त्यांच्या पायांपुढे आणून ठेवल्या.