ऐकण्याचं भाडं

सर, आधी एक गंभीर तक्रार. ग्रंथालय समितीच्या बैठकीत आता चिवडा मिळत नाही. काटकसर म्हणून नुसता चहा, तोही अर्धा कप. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पंडित, खायले आला का ठराव करायले?"

त्याच काटकसरीतला पुढचा ठराव उद्या येतोय. पुस्तकं वर्गणीतच मिळतील, पण गाणी आणि सिनेमे घरी न्यायचे तर वेगळं भाडं. अध्यक्षांच्या मते पुस्तक म्हणजे ज्ञान आणि गाणं म्हणजे चैन.

मला अकोल्याचा तुमचा वर्ग आठवतो. जुन्या शास्त्रातलं ते वाक्य येतं: शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं ओतावं. तुम्ही अर्थ सांगता, पुस्तक मिटता आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहता. पुढे अमरावतीला बदलून आलात आणि या ग्रंथालयात कॅसेटचं कपाट मांडलंत. गावोगाव टेपरेकॉर्डर घेऊन हिंडलात, गाणाऱ्यांचे आवाज भरून आणलेत. भाडं किती ठेवायचं, असं मी विचारलं तेव्हा केवढे भडकलात! "कानावर जकातनाका बसवून राहिला का बे?"

भातकुलीहून एक बाई अजूनही दर आठवड्याला तीच कॅसेट नेतात, सोबत ग्रंथालयाचा टेपरेकॉर्डर. त्यांचे वडील बुद्धजयंतीला गायचे. तो आवाज तुम्हीच भरलेला. आई अंथरुणाला खिळलीय, लेकीलाही ओळखत नाही. नवऱ्याचा आवाज लागला की चार घास खाते. मोबाइलवर भरून दिलं, तर म्हातारीला तो कोणी परका वाटला. भाड्याचं कळल्यावर बाई मला म्हणाल्या, "आवाज आमच्या बापाचा, अन् भाडं आमी काहून द्यावं, सर?"

एवढं शास्त्र शिकून माझ्या तोंडातून निघालं ते "बघू."

त्या रोजानं कामाला जातात. भाडं लागलं तर भांडणार नाहीत, नुसत्या येईनाशा होतील. मग आम्ही म्हणू, कपाटाला मागणी नाही, आणि तेही काढून टाकू.

ठरावाविरुद्ध काय बोलायचं ते मला पाठ आहे, सर. पण अध्यक्ष आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही आहेत आणि मी या वयातही तासिका तत्त्वावर शिकवतो. जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, ते त्यांच्या हातात. उद्या ते विचारतील, "कोणाची हरकत?" आणि मी मान खाली घालून बसेन, असं मला आताच दिसतंय.