दुखण्याआधीचं दुखणं

ती. सरोजआत्या,

इथूनच वाकून नमस्कार (एका हातात मोबाईल आहे, म्हणून एकाच हाताने). आधी माफी मागते. नववीत शाळा सुटली तेव्हा शुद्धलेखनही सुटलं, आणि मी एका बोटाने टाइप करते, त्यामुळे हे पत्र परवापासून चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे? मिरजेत सगळे बरे ना? इथे उत्तरेत, खरडमध्ये कोणीच बरं नाही. म्हणजे आजारी कोणी नाही, पण बाबांच्या मते बरंही कोणी नाही.

बाबांनी दवाखान्यावर (म्हणजे आपल्या पुढच्या खोलीवर) नवी पाटी लावलीय, 'बीमार होने से पहले आइए'. त्यांचं म्हणणं, रोग दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोष आधी आपल्या जागी साठतो, तो संचय. मग खवळतो, तो प्रकोप. मग अंगभर पसरतो, तो प्रसर. मग कमजोर जागा बघून तिथे ठाण मांडतो, तो स्थानसंश्रय. लोकांना समजावं म्हणून ते पाहुण्याचं उदाहरण देतात, की आधी नुसता येतो, मग रुसतो, मग घरभर फिरतो, मग एका खोलीत बिछाना टाकतो. (उदाहरणात एका नातेवाइकांचं नाव घेतात. मी लिहीत नाही, तुम्हाला राग येईल.)

अडचण एवढीच की बरं असलेलं माणूस दवाखान्यात येत नाही. मग बाबा त्याला जिन्यात गाठतात. वरचे विजयकुमारजी आपली वाटी परत द्यायला आले होते. बाबांनी जीभ बघितली, नाडी धरली आणि संचय पक्का म्हणाले. पराठे बंद, राजमा बंद, दही बंद, सकाळी कडू काढा. पंधरा दिवसांनी ते जिन्यातच चक्कर येऊन बसले. बाबा खूश. म्हणाले, बघा, प्रकोप झालाच, मी नसतो तर काय झालं असतं. विजयकुमारजींच्या बायकोने हात जोडले.

"वैद्यजी, ये ठीक थे. बस, जैसे थे वैसे वापस कर दो."

माझं लाजणंसुद्धा संचयच आहे म्हणे, वाताचा. त्यावर रोज डोक्याला वाटीभर तेल. (आता तेलकट दिसते म्हणून बाहेर जायला अजून लाजते.) आई डेराबस्सीला इंग्रजी औषधांच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, त्यामुळे तिचं बोलणं घरात धरतच नाहीत. ती काही बोलली की पित्त.

बाबा स्वतः ठणठणीत आहेत, असं बाबा म्हणतात. हल्ली पेशंटसमोर तांब्यावर तांब्या पाणी पितात आणि नाडी अर्धी सोडून बाथरूमला पळतात. पँट ढिली झाली म्हणून पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडली, आणि ते पथ्याचं यश म्हणून सगळ्यांना दाखवतात. आणि आत्या, बाथरूममध्ये मुंग्या झाल्यात. बाबा जाऊन आले की जास्त. लघवीला मुंग्या लागल्या तर मधुमेह ओळखावा, हे मला बाबांनीच शिकवलंय, तेही जेवताना. आईने साखर तपासा म्हटलं, तर तिचंच पित्त निघालं. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि म्हटलं, "बाबा, बाथरूममध्ये मुंग्या..."

"खडू आणलाय," बाबा म्हणाले.

मी "बरं" म्हटलं. मग त्यांनी मुंग्यांच्या खडूने दारात जाड रेघ ओढली आणि हात धुऊन पुढच्याची जीभ बघायला गेले.

बाकी सगळं ठीक.

तुमची,
ज्ञानदा

ता. क. तुमच्या गुडघ्यासाठी बाबांनी तेल दिलंय. पाठवते. लावू नका.

ता. क. २. पत्र खरं तर ह्याच्यासाठी. बाबांना फोन करा ना. मी बोलले असते तुमच्याशी, पण माझा हॅलो निघेपर्यंत समोरचा फोन ठेवतो. त्यांना सांगा, 'मला साखर तपासायचीय, तुमच्याकडच्या सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात एकटीला भीती वाटते, चंदू, तू सोबत चल.' तुम्हाला ते नाही म्हणत नाहीत. तिथे गेलात की सुई आधी त्यांना टोचायला लावा. माझं नाव घेऊ नका, मुंग्यांचं पण नको. हल्ली ते चष्मा पुसून पुसून वाचतात, तरी अक्षर लागत नाही. लवकर या आत्या.

ता. क. ३. काल आमच्या गल्लीत उंट आला होता. कोणाचा, ते अजून कोणालाच कळलं नाही.