चुंबळ खाली ठेवू नये

मी, आनंदी सदाशिव धोत्रे, वय बहात्तरच्या आसपास, मूळ राहणार तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर, सध्या राहणार बुडैल, चंदीगड, धंदा गिलावा व स्लॅबची कामे घेणे, हे माझे मृत्युपत्र तोंडी सांगते आणि शेजारच्या सौ. सुनेत्रा गोडसे ते लिहून घेतात. मला अक्षर येत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे, तो उद्या सकाळी डॉक्टर उघडून पाहणार आहेत. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. मुलगा विश्वास याने आणून पाहिले, पण आयुष्यभर विटा वाहिल्या, हे तर काहीच नव्हे.

१. बुडैलच्या दोन खोल्या मी माझ्या हाताने बांधल्या. त्या विश्वासला द्याव्यात. अट एकच, आतला गिलावा फोडून टाइल लावू नये. तो लावणार, मला ठाऊक आहे. निदान फोडताना घाम तरी गाळेल.

२. नातू ओजस याला माझा रेडिओ आणि सदाशिवरावांचे घड्याळ. पोरगा मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. परवा म्हणाला, "दादी, वसीयत में ड्रामा मत करना." नाही करत, बाळा. पुढचे कलम तेवढे सोडून वाच.

३. किडका बांबू. सदाशिवराव गवंडी होते, त्यांच्यामागून मी या शहरात आले आणि त्यांचे घमेले वाहिले. ते काविळीने गेले तेव्हा मी त्यांची गिलाव्याची थापी उचलली. बाईने जन्मभर घमेले वाहावे, थापी धरू नये, असा आमच्या धंद्यात कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून मला तेवढा नीट वाचता आला. पुढे सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर बोचकी घेऊन उतरणाऱ्या बायका मी गोळा केल्या, त्यांच्या हाती थापी दिली, आणि गवंडी बायकांची टोळी उभी केली. ठेकेदार इंद्रजित सिंग म्हणाला होता, "अम्मा, औरत की दीवार टेढ़ी होती है." भिंत सरळ निघाली. वाकडी निघाली ती त्याची परांची. उभे राहायला किडका बांबू बांधून दिला होता, तो मोडला आणि आमची वंदना वरून पडली. ती आता उठून बसते, चालत नाही. तो मोडका बांबू माझ्या खाटेखाली आहे. तो इंद्रजितच्या दारात नेऊन द्यावा आणि मिळाल्याची पोच घ्यावी. (सुनेत्राताई म्हणतात, हे मृत्युपत्रात शोभत नाही. शोभेसाठी सांगत नाही, लिहा.)

४. बँकेत जे असेल ते सगळे वंदनाला.

५. मिक्सर, व्हायब्रेटर, लोखंडी परांची आणि सगळी हत्यारे टोळीतल्या बायकांना सामाईक. विश्वासने ती विकू नयेत. त्याने एका मोठ्या बिल्डरशी बोलून ठेवले आहे, मिक्सर त्यांनी घ्यायचा आणि बायकाही. मला म्हणाला, "आई, त्यांना रोज काम मिळेल, तुला काय पाहिजे आणखी?" मी विचारले, "कसले काम रे?" तो मोबाईलकडे बघायला लागला. घमेल्याचे. ज्यांना मी थापी धरायला शिकवली, त्यांच्या डोक्यावर पुन्हा घमेले.

६. आता टोळी. हे कलम मला जमत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "माताजी, लोग वसीयत में नहीं दिए जाते." घर देता येते, बांबू देता येतो, मुकादमकी देता येत नाही. सोमवारी डेराबस्सीला औषध कारखान्याच्या गोदामाचा स्लॅब आहे. ओतायला घेतलेला स्लॅब मध्ये थांबत नाही. थांबला तर सांधा राहतो आणि जन्मभर गळतो. पुढे उभी राहणारी कुणी नसेल तर काम बिल्डरकडे जाईल, आणि टोळी त्याच दिवशी संपेल.

पुढे उभी राहू शकेल अशी एकच आहे, नयना. हात माझ्याहून चांगला. पण वंदना पडली त्या दिवशी मी सिमेंट आणायला गेले होते आणि "चढा" म्हणणारी नयना होती. तेव्हापासून ती मान खाली घालून काम करते, कुणाला काही सांगत नाही. आत्ता समोर बसली आहे. मघाशी मी विचारले तर म्हणाली, "माई, मला नगं. मी चढा म्हणलं की कुणीतरी पडतंय."

अगं, बांबू किडका होता. मी हाताने चुरून पाहिला. तुझा शब्द किडका नव्हता.

नयनाला मी काहीही देत नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मुद्दाम तिला साक्षीदार केले. उद्या विश्वासने म्हणू नये की तिने मिक्सरसाठी म्हातारीला फितवले. मिक्सरमधला तिचा वाटाही बाकीच्यांना.

७. माझी चुंबळ. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची, जुन्या लुगड्याची, मी हेल्मेटखालीही घालते, इंजिनियर हसतात. आमच्यात रीत आहे, स्लॅबच्या दिवशी मुकादमाची चुंबळ शेवटचे घमेले पडेपर्यंत जमिनीला लागत नाही. मुकादमाला मध्येच जावे लागले तर ती दुसरीच्या डोक्यावर ठेवायची. तिला नको असेल तर तिने ती खाली ठेवायची, मग काम थांबते. आजवर कुणी ठेवली नाही.

मी मध्येच निघाले आहे. ही चुंबळ मी मेल्यावर द्यायची नाही, आत्ता देते. नयना, इकडे सरक. मला हात वर नेववत नाही, डोके वाकव. मी कुणाच्या पाया पडले नाही, सदाशिवरावांच्यासुद्धा सणावारीच. तुझ्या पडते. बायांना घमेल्याखाली जाऊ देऊ नकोस. नको असेल तर खाली ठेव, माझ्यासमोर ठेव, म्हणजे मला कळून तरी जाईल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याच्यानंतर करायला सवड मिळेलसे वाटत नाही. वाचून दाखवलेले ऐकले, बरोबर आहे.

ठिकाण: चंदीगड
दिनांक: ६ मार्च २०२५

आनंदी सदाशिव धोत्रे
(डाव्या अंगठ्याचा ठसा. सिमेंटने रेषा खाल्ल्यामुळे ठसा कोरा उमटतो. दुसऱ्या अंगठ्याचाही तसाच. हा अंगठा त्यांचाच, हे आम्ही दोघी समक्ष पाहून सांगतो.)

साक्षीदार १: सुनेत्रा गोडसे (लिहून घेणार)

साक्षीदार २: नयना पवार
(हिने सहीसाठी वाकताना चुंबळ डोक्यावरून काढली. टेबलावर जागा होती, जमिनीवरही होती. तिने ती डाव्या हातात धरून उजव्या हाताने सही केली. आनंदीबाईंनी विचारले, "ठेवली का गं खाली?" नयना म्हणाली, "न्हाई अजून." हे शब्द जसेच्या तसे लिहा, असे त्यांनी सांगितले, म्हणून लिहिले. सु. गो.)