नुसती सळई

ठाणे, खंडेनवमीची आदली संध्याकाळ, १९५३

खटला जिंकलो, तरी चैन नाही. माजिवड्याच्या हिराजीने परवाना संपल्यावर ठासणीची बंदूक चौकीत जमा केली, पण दारू ठासायचा गज देव्हाऱ्यातच ठेवला. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते. कायद्याने हत्याराचा भागही हत्यारच, म्हणून गज जप्त झाला आणि खटला भरला. मी कोर्टात म्हणालो, ही नुसती सळई आहे. मॅजिस्ट्रेटना पटलं, हिराजी सुटला, गजही परत मिळाला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "वकीलसाहेब, सळई हाय, तर माझ्या बापानं जलमभर काय पुजलं?" आणि गज माझ्याच हातात देऊन गेला.

कोर्टात दुसरं काय म्हणणार होतो मी?

आत्ता घरी बायको इंदू उद्याच्या पूजेची मांडामांड करतेय. विचारते, हा गज कुणाचा, पूजेत ठेवू का? ठेव म्हणालो. नुसती सळई आहे, असं काही तोंडातून निघेना.